सस्पेन्स खात्यातल्या नोंदी

बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचे एक खाते असते. एखाद्या रकमेचा धनी सापडला नाही, एखादी नोंद कुठे बसवावी हे कळले नाही, की ती तात्पुरती त्या खात्यात टाकायची आणि घरी जायचे. तात्पुरती, हा शब्द महत्त्वाचा. तपासनीस आले की हे खाते हमखास उघडायला लावत आणि जुन्या नोंदी निघाल्या की आमची पाचावर धारण बसे. ‘द फॅमिली मॅन’ ही हेरकथेची मालिका नुकतीच पुन्हा पहिल्यापासून पाहिली, तेव्हा राहून राहून मला त्या खात्याची आठवण येत होती.

राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या जोडीच्या या मालिकेचे पहिले पर्व प्राइम व्हिडिओवर २०१९ मध्ये आले, दुसरे २०२१ मध्ये आणि तिसरे नोव्हेंबर २०२५ मध्ये. दहा, नऊ आणि सात, असे सव्वीस भाग. आमच्या घरी ते दोन आठवड्यांत संपले. नाव ‘फॅमिली मॅन’ असले, तरी नातवंडे आजूबाजूला नाहीत याची खात्री करूनच लावावे लागत होते, कारण शिव्या मुबलक आहेत. हेरखात्यातली माणसे सोवळी बोलत नसणार हे मला मान्य आहे. पण तिसऱ्या शिवीनंतर तिचा अर्थ जातो आणि नुसती सवय उरते, हेही तितकेच खरे.

आमच्या पिढीने हेर आणि गुप्तहेर पाहिले ते वाचनालयातून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेल्या पुस्तकांत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला कधी दूधवाल्याचे बिल द्यावे लागल्याचे मला आठवत नाही. श्रीकांत तिवारीला मात्र सगळे द्यावे लागते. मुंबईतले बेताचे घर, जुनी गाडी, मुलीच्या शाळेतून येणारी बोलावणी आणि बापाला कात्रीत पकडून आपले काम साधून घेणारा धाकटा मुलगा. मनोज बाजपेयींनी हा माणूस असा काही उभा केला आहे, की पिस्तूल हातात असतानाही त्याच्या खांद्यांवर महिनाअखेरीचा ताण दिसतो. त्याचा सहकारी जे. के. तळपदे (शारिब हाश्मी) आणि तो गाडीत बसून ज्या कुरबुरी करतात, त्या कुठल्याही सरकारी कचेरीत मधल्या सुट्टीत ऐकू याव्यात अशा आहेत. मालिकेचे खरे बळ इथे आहे, पाठलागात नाही.

बँकेत रुजू होताना आम्हालाही गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागे. कुणाच्या खात्यात किती आहे, कुणाचा हप्ता थकला आहे, हे बायकोलाही सांगायचे नाही. शेजारी संध्याकाळी चहाला यायचे, थाटात बोलायचे, आणि त्यांना गेलेली नोटीस मीच टाइप करून घेतलेली असायची. माझे गुपित फार तर एखाद्या कर्जाचे होते. तरीही बायको विचारायची, ‘आज गप्प का?’ आणि मी म्हणायचो, ‘काही नाही.’ श्रीकांत हे ‘काही नाही’ रोज म्हणतो. हे दोन शब्द संसारात किती जागा अडवतात, ते या मालिकेने नेमके पकडले आहे.

म्हणूनच सुचित्राच्या बाबतीत लेखक कमी पडले याचे वाईट वाटते. प्रियामणी ही उत्तम अभिनेत्री. प्राध्यापकी सोडून नव्या कंपनीत उडी घेणारी, घरात एकटी पडलेली बाई, हा स्वतंत्र कादंबरीचा विषय आहे. पण मालिकेने तिला लोणावळ्याच्या एका रात्रीच्या कोड्यात अडकवून ठेवले. तिथे काय घडले, याची चर्चा प्रेक्षक करत बसले. ती का गेली, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

दुसऱ्या पर्वात कथा चेन्नईला जाते. तमिळ माणसे आपापसात तमिळच बोलतात, हे आपल्या हिंदी मालिकांत क्वचितच घडते. चेल्लम सर हे निवृत्त हेराचे पात्र थोडाच वेळ दिसते, पण निवृत्त माणसांना ते विशेष आवडले असणार. मला तरी आवडले. राजी या बंडखोर तरुणीच्या भूमिकेत समंथाने कमी बोलून दरारा निर्माण केला. मात्र त्यासाठी तिचा वर्ण काळवंडवण्याची गरज काय होती, हे मला समजलेले नाही. श्रीलंकेतल्या तमिळांच्या यातना आणि दहशतवाद यांची सांगड कशी घातली आहे, यावरून प्रदर्शनापूर्वीच तामिळनाडूत संताप उसळला. पर्व पाहिल्यावर तो संताप सर्वस्वी अनाठायी होता असे मला म्हणवत नाही. राजीच्या भूतकाळाला मालिका सहानुभूती देते, पण वेळ देत नाही.

पण माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. पहिल्या पर्वात करीम नावाचा एक कॉलेजातला मुलगा यंत्रणेच्या चुकीने मारला जातो. तो अतिरेकी नव्हता. मेल्यावर मात्र त्याला अतिरेकी ठरवले जाते. श्रीकांतला हे ठाऊक आहे, त्याला झोप लागत नाही, त्याची बदली श्रीनगरला होते. इथवर लेखकांनी जे धैर्य दाखवले, ते आपल्याकडच्या हेरकथांत दुर्मीळ आहे. पुढे मात्र विषारी वायूचे संकट उभे राहते आणि करीम मागे पडतो. दुसऱ्या पर्वात श्रीकांतच्या स्वतःच्या मुलीचे अपहरण होते. परक्याच्या मुलाचा मृत्यू आणि आपल्या मुलीवरचे संकट एकमेकांसमोर ठेवण्याची एवढी मोठी संधी आयती चालून आली होती. लेखकांनी तिथे पाठलाग निवडला.

तिसरे पर्व ईशान्येत, नागालँडमध्ये घडते. जयदीप अहलावत यांचा रुक्मा नायकाला पुरून उरतो. श्रीकांतवरच संशय येऊन तो फरारी होतो, ही कल्पनाही चांगली. पण चार वर्षांनी आलेले पर्व सातव्या भागाला ऐन रंगात येऊन थांबते. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवण्याचा मोह मीही कादंबऱ्यांत केला आहे, त्यामुळे फार बोलण्याचा अधिकार मला नाही. पण पुस्तकात निदान पुढचे पान असते.

शेवटचा भाग संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पत्नीने विचारले, ‘अहो, पुढचा भाग?’

‘अजून आलेला नाही.’

ती उठली, पाण्याचे भांडे घेऊन आत निघाली आणि दारात थबकली. ‘आणि तो पहिल्यातला मुलगा? त्याच्या आईला कुणी सांगितलं का, तो तसा नव्हता म्हणून?’