गोदावरीचा जलमार्ग कुणी बुडवला?

2016च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या शंभरावर नद्या, खाड्या आणि कालव्यांना जलमार्गाचा दर्जा दिला. त्या यादीत वैनगंगा-प्राणहिताही आहे. भर उन्हाळ्यात ज्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि खडकच जास्त दिसतात, त्याला जलमार्ग म्हणायला कायद्याचे धाडस लागते. पण ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तिच्यावर खरोखर पैसा ओतला होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट काकीनाड्याजवळच्या समुद्रापर्यंत न्यायचा, असा बेत होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा तर या बेताला भलताच जोर चढला. वाटेत खडकाळ, खळाळत्या पात्राचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि आजच्या अहेरी तालुक्यातले देवलमरी. ते बाजूच्या कालव्यांनी आणि बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या लॉकनी ओलांडायचे होते. दुम्मागुडेमला नदीवर बंधारा उभा राहिलाही, पण 1871मध्ये सरकारने सगळेच काम सोडून दिले.

ते का सोडले, याचे सोपे उत्तर म्हणजे रेल्वे. 1867मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोहोचली आणि कापसाला बारमाही वाट मिळाली. हे खरेच आहे, पण अर्धे. याच गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात वेगळे घडले. इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली 1847 ते 1852 या काळात धवलेश्वरमचा बंधारा झाला. त्यातून निघालेले कालवे शेत भिजवत होते आणि धान्य भरलेल्या नावाही वाहत होते. राजमहेंद्रीचा रेल्वेपूल 1900मध्ये खुला झाल्यावरही त्या नावा पुढे कित्येक दशके चालू राहिल्या. रेल्वेनेच जलवाहतूक मारली म्हणावे, तर या नावा इतकी वर्षे कशा तगल्या? माझ्या मते फरक पाण्याच्या हमीचा आणि खर्च उचलणाऱ्या धन्याचा होता. खालच्या कालव्यांत पाणी शेतीसाठी सोडलेच जात होते आणि त्यांची डागडुजी सिंचनाच्या उत्पन्नातून भागत होती. नावेला ती सोय जवळजवळ फुकट मिळे. वरच्या योजनेला असा आधार नव्हता. तिथला प्रत्येक दगड फक्त बोटीसाठी रचायचा होता आणि ती बोटही पावसाळा सरला की पाण्याअभावी काठाला लागणार होती. कॉटन यांना हे कळत नव्हते असे नाही. नदीच्या वरच्या अंगाला साठे करून कोरड्या महिन्यांत पाणी सोडावे, असा त्यांचा आग्रह होता. रेल्वेऐवजी कालवे बांधा, हे ते लंडनला जन्मभर सांगत राहिले. ते साठे त्या काळी झालेच नाहीत.

आता तर गोदावरीच्या खोऱ्यात धरणेच धरणे आहेत आणि गाळ उपसायला यंत्रेही आहेत, असे कुणी म्हणेल. पण उपशाने पात्र खोल होते, पाणी वाढत नाही. शिवाय धरणांतल्या थेंबाथेंबावर शेती, शहरे आणि वीजकेंद्रे आधीच हक्क सांगून बसली आहेत. गोदावरीवरच्या मेडिगड्ड्याच्या बंधाऱ्याचे पाणी सिरोंच्याच्या शेतांत शिरले म्हणून महाराष्ट्र-तेलंगणात तंटा झाला. अशा खोऱ्यात बोटीसाठी राखीव पाणी कोण सोडणार? पाण्यावरून माल नेणे स्वस्त पडते आणि इंधन कमी लागते, हा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. गोव्यात मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून बार्जेसनी वर्षानुवर्षे लोहखनिज मुरगावला पोहोचवले. पण तिथे भरती-ओहोटीचे पाणी आहे, ते कुणाकडे मागावे लागत नाही. प्राणहितेवर धक्के बांधण्याआधी देवलमरीला वर्षातले किती महिने, किती खोल पाणी टिकते आणि ते टिकवण्याचा खर्च कोणत्या खात्याच्या माथी आहे, हे सरकारने आकड्यांनिशी जाहीर करावे.