आवाज लिंक रॉडचा, बिल शॉकअपचे

चाक खड्ड्यात गेले की गाडीच्या पुढच्या भागातून 'खट्' असा आवाज येतो. गॅरेजवाला एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "शॉकअप गेले." दोन्ही शॉकअप बदलायचे म्हणजे हजारोंचा खर्च. तो करून गाडी घरी आणली आणि आठ दिवसांत तीच खटखट पुन्हा सुरू झाली, हा अनुभव एसयूव्ही बाळगणाऱ्या अनेक घरांना ओळखीचा वाटेल. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. कोणता भाग सैल झाला हे मेकॅनिकने प्रत्यक्ष हलवून दाखवल्याशिवाय काहीही बदलू देऊ नका.

आष्टीसारख्या गावात हा प्रश्न जास्त टोचतो. आपली जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता तिच्यासोबत वर-खाली होतो. त्यात उसाच्या ट्रॉल्या. शेगाव-पंढरपूर मार्गावर गाडी गुमान पळते. शेतरस्त्याला लागली की एक चाक वर, एक खाली. नेमका हाच हिसका लिंक रॉडला बसतो.

लिंक रॉड म्हणजे वळणावर गाडी कलंडू नये म्हणून लावलेल्या आडव्या दांड्याला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी सळई. तिच्या टोकांचे बॉल झिजले की लहान खड्ड्यातही खटखट होते. ओळखायची युक्ती सोपी आहे. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम, सावकाश चढवा. मग फक्त एक चाक खड्ड्यातून न्या. पहिल्या वेळी शांतता आणि दुसऱ्या वेळी खटखट झाली, तर संशय लिंक रॉडवर घ्या. कारण दोन्ही चाके सारखी उचलली गेली तर तो दांडा पिळला जात नाही. खात्री करायची तर मेकॅनिकने दोन्ही लिंक सोडवून गाडी गल्लीतच हळू फिरवावी. आवाज थांबला तर चोर सापडला. शॉकअपच्या मानाने हा पार्ट फारच स्वस्त आहे.

मग शॉकअप गेल्याचे कसे कळते? त्यावर तेल ओघळलेले दिसते. गाडी उंचवट्यावरून गेल्यावर एकदा खाली बसून थांबत नाही, डुलत राहते. नुसत्या खटखटीवरून शॉकअपला दोषी धरणे मला पटत नाही.

काही आवाज तर सस्पेन्शनचे नसतातच. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली, तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपर पाहा. मागून आवाज येत असेल तर आधी जॅक, पाना आणि स्टेपनी घट्ट आहेत का ते बघा. हसू नका, यात अख्खा दिवस जातो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग 'टण्' करून सुटत असेल, तर स्ट्रटच्या वरचे बेअरिंग तपासायला सांगा. सावकाश जाताना करकर होत असेल तर एकेका रबरी बुशवर पाणी मारून पाहा. ज्यावर पाणी पडल्यावर करकर थोडा वेळ थांबते, तोच बुश कोरडा किंवा फाटलेला.

इथे एका सवयीबद्दल बोललेच पाहिजे. पावसाळा संपला की गाडीखाली डिझेल किंवा जळके ऑइल फवारतात. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. पण खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. आज गप्प झालेला बुश पुढच्या हंगामाआधीच बदलावा लागू शकतो. पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी असली, तरी टोकांच्या रबरी बुशवर तेल पडू देऊ नका.

मात्र प्रत्येक आवाज स्वस्तातला समजू नका. लोअर आर्मचा बॉल जॉइंट झिजला तर आवाज बारीकच येतो, कधी येतही नाही. पण तो निसटला तर चाक आडवे पडते. गाडीत घरची सात माणसे असतात. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवायला सांगा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावा. खेळ गेला तर बहुधा चाकाचे बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. आडवे धरून हलवल्यावर खेळ आढळला तर टाय रॉड एंड पाहा. बॉल जॉइंट सैल निघाला, तर त्या गाडीने जालन्याला जायचे नाही. पार्ट गावात मागवायचा.

बसवतानाही चूक होते. गाडी जॅकवर लटकलेली असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळले, तर चाके जमिनीवर टेकताच आतले रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. बोल्ट नुसते धरवून ठेवावेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर शेवटचा आवळा द्यावा. शॉकअप आणि लिंक जोडीनेच बदला. लोअर आर्म किंवा टाय रॉडला हात लागला असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील.

पैसे देण्याआधी काढलेले जुने पार्ट मागून घ्या. नव्या लिंक रॉडचा बॉल हाताने वळवायला जोर लागतो, झिजलेला नुसता लटकतो.