कर्ल आहे, तरी डब्ल्यूगेट हवेच

कमांड लाइनवरून फाइल उतरवण्याचा विषय निघाला की कर्ल आणि डब्ल्यूगेट ही दोन नावे जोडीनेच येतात, आणि पाठोपाठ पूर्वपक्षही येतो. कर्लला पंचविसाच्या आसपास प्रोटोकॉल समजतात, डब्ल्यूगेटची धाव एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि एफटीपीपर्यंतच. कर्ल फाइल चढवते, मेलही पाठवते. मॅकमध्ये ते आधीपासूनच असते, २०१८ पासून विंडोज १० मध्येही मिळते. तेव्हा डब्ल्यूगेट आता अडगळीत टाकावे.

यातली माहिती खरी आहे. निष्कर्ष मात्र तिच्यातून निघत नाही.

दोन्ही साधने एकाच काळातली. क्रोएशियाचे ह्र्वोये निकशिच यांनी १९९६ मध्ये डब्ल्यूगेट आणले. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी आधीच तयार असलेले एक छोटे साधन वाढवत नेले आणि १९९८ मध्ये त्याला कर्ल हे नाव मिळाले. हेतू मात्र पहिल्यापासून निराळे. युनिक्सच्या ‘कॅट’ आज्ञेसारखे कर्ल आलेला मजकूर सरळ पडद्यावर ओतते. फाइल हवी असेल तर तसे सांगावे लागते. डब्ल्यूगेट न सांगता फाइल करते, सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवले तर मुकाट तिकडे जाते, जोडणी तुटली तर वीस वेळा प्रयत्न करते आणि सर्व्हरची साथ असेल तर राहिले तिथूनच पुढे उतरवते. कर्लकडून हेच करून घ्यायचे तर प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा पर्याय लिहावा लागतो.

‘मग लिहावा, त्यात काय!’ असे उत्तर येईल. पण न लिहिल्यास काय होते ते पाहण्यासारखे आहे. स्क्रिप्टमध्ये झिप फाइलचा पत्ता चुकला आणि सर्व्हरने ४०४ असे उत्तर दिले, तर कर्ल त्या चुकीच्या पानाचे एचटीएमएलच झिपच्या नावाने साठवते आणि बाहेर पडताना शून्य, म्हणजे ‘सारे ठीक’, असा संकेत देते. स्क्रिप्ट अडखळते ती पुढच्या पायरीवर, झिप उघडताना, आणि शोध भलतीकडेच सुरू होतो. डब्ल्यूगेट अशा वेळी ते पान साठवत नाही, आठ हा संकेत देऊन जागच्या जागी चूक दाखवते. मध्यरात्री आपोआप चालणाऱ्या कामात हा फरक प्रोटोकॉलच्या यादीपेक्षा मोलाचा असतो.

शिवाय एक काम असे आहे की तिथे कर्लला कोणताही पर्याय देऊन भागत नाही. एका पानावरचे दुवे धरून पुढची पाने, त्यांतली चित्रे आणि कागदपत्रे उतरवणे, दुवे स्थानिक प्रतीत चालतील असे बदलून ठेवणे, आणि हे करताना यंत्रांनी कोणती पाने घेऊ नयेत हे सांगणाऱ्या संकेतस्थळाच्या रोबोट्स फाइलचा मान राखणे, हे डब्ल्यूगेटचे घरचे काम आहे. कर्लमध्ये ते नाही, आणि ही उणीव नव्हे. कर्लच्या कर्त्यांनी जाणूनबुजून आखलेली ती सीमा आहे.

डब्ल्यूगेटच्या कैवाऱ्यांचाही एक अतिरेक खोडायला हवा. फाइल उतरवण्याचे अवघड साधन म्हणून कर्लला नावे ठेवणे म्हणजे त्याच्यावर भलतेच काम लादणे. एपीआयला हवा तो हेडर आणि हवी ती पद्धत लावून विनंती करायची, सर्व्हरशी झालेला संवाद ओळीओळीने पाहायचा, तर कर्लला तोड नाही. २००० साली त्याचा गाभा लिबकर्ल या लायब्ररीच्या रूपाने वेगळा झाला. आज फोन, टीव्ही, मोटारी यांच्या पोटात तीच लायब्ररी चालते. डब्ल्यूगेटने असा संसार कधी मांडलाच नाही.

‘डब्ल्यूगेट मेले’ हा शेवटचा आक्षेप तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती, डब्ल्यूगेट२, एचटीटीपी/२ जाणते आणि अनेक फाइली एकाच वेळी उतरवते. २०२४ च्या फेडोरा ४० या लिनक्स प्रणालीत जुन्याच्या जागी तीच बसवली गेली. तिने एफटीपी मात्र सोडून दिले आहे, त्यामुळे एफटीपी सर्व्हरवरची फाइल आणायची असेल तर तिथे कर्लच वापरावे.