नाव कुणाचं, चूल कुणाची?

गेल्या पावसाळ्यात खराबवाडीतल्या आमच्या बैठकीला एक ताई उशिरा आल्या. हातात पिशवी आणि पिशवीत गॅसची छोटी टाकी. येताना एका दुकानातून किलोच्या भावानं गॅस भरून आणला होता. खोलीत वीसेक बायका, त्यांची पोरं, कोपऱ्यात डासांची अगरबत्ती धुमसत होती. कुणीतरी ओरडलं, "अगं, ती बाहेर ठेव आधी!" टाकी ओट्यावर गेली, ताई दाराशीच बसल्या, आणि बैठक संपेपर्यंत त्यांचं निम्मं लक्ष ओट्यावर होतं. टाकी चोरीला गेली तर पोरांचं रात्रीचं जेवण गेलं.

बैठक ठेकेदारानं कापलेल्या पगाराबद्दल होती. त्याविषयी या अंकात दुसरीकडे लिहिलं आहेच. माझ्या डोक्यात मात्र ती टाकी राहिली.

या ताई अकरा वर्षांच्या संसारानंतर, मार सोसणं अशक्य झाल्यावर, दोन मुलं घेऊन भोसरीहून निघाल्या. चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम मिळालं, खराबवाडीत चाळीत खोली मिळाली. भोसरीच्या घरातला गॅस त्यांनीच भिशीच्या पैशातून घेतलेला. पण एजन्सीत रांगेत उभा राहिला नवरा, म्हणून पुस्तकावर नाव नवऱ्याचं. नव्या ठिकाणच्या एजन्सीत गेल्या तर उत्तर मिळालं, "तुमच्या रेशन कार्डावर गॅस आहे. एका घराला एकच." जुन्या एजन्सीत गेल्या तर, "ज्याच्या नावावर आहे त्याची सही आणा." नवऱ्यानं निरोप पाठवला, सही पाहिजे तर परत ये.

मी समाजकार्याच्या शिक्षणात कौटुंबिक हिंसेवर बरंच वाचलं होतं. बाई घर का सोडत नाही, याची कारणं परीक्षेत लिहिली होती. मुलं, माहेर, समाज, पैसा. त्यात गॅसचं पुस्तक नव्हतं.

श्रीमंत देशांत ग्राहक चळवळीचा एक नेहमीचा मुद्दा असतो. घरगुती वीज-गॅस देणारी एक कंपनी सोडून दुसरीकडे जायचं तर पहिली कंपनी दंड लावते, तो योग्य की अयोग्य? इंग्लंडमध्ये ठरावीक मुदतीच्या करारातून मध्येच बाहेर पडलं तर असा आकार लागतो, पण मुदतीच्या शेवटच्या ४९ दिवसांत तो घेता येत नाही, असा तिथल्या नियामकाचा नियम आहे. हे वाचताना मला आधी हसू आलं. आमच्या चाळींत कोण कंपनी बदलणार? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत घरात येणारी वीज महावितरणची. पण मग वाटलं, सोडून जाण्याची किंमत इथंही वसूल होतेच. ती घेणारे वेगळे आहेत, आणि तिची पावती मिळत नाही.

आधी विजेचं बघू, कारण तिथं एक गोष्ट आपण नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे वीजपुरवठादार बदलता येतो, पण तो कारखान्याला. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ नुसार मोठ्या ग्राहकाला बाहेरून वीज विकत घेऊन महावितरणच्या तारांवरून आणता येते. त्यासाठी बराच काळ एक मेगावॅटची अट होती. २०२२ च्या हरित ऊर्जेच्या नियमांनी अपारंपरिक विजेसाठी ती १०० किलोवॅटवर आली. अशा ग्राहकाला जाताना अधिभार भरावा लागतो. कारखाने वीज खर्चापेक्षा महाग घेतात, त्यातून घरगुती आणि शेतीची वीज काही प्रमाणात स्वस्त राहते. मोठं गिऱ्हाईक निघून गेलं की ती तूट मागे राहिलेल्यांच्या बिलात येणार. ते होऊ नये म्हणून हा अधिभार. मूळ कायद्यात तो हळूहळू कमी करून संपवायचा असं म्हटलं होतं. २००७ च्या दुरुस्तीत 'संपवायचा' हा भाग गेला.

मुंबईच्या उपनगरांत हेच घरगुती ग्राहकांच्या बाबतीत घडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानं टाटा पॉवरला घरोघरी वीज द्यायची वाट मोकळी झाली, २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगानं पद्धत ठरवून दिली, आणि रिलायन्सच्या तारांवरून टाटाची वीज घेणं शक्य झालं. आधी गेले ते मुख्यतः जास्त वापराचे, मोठ्या बिलांचे ग्राहक. मागे राहिले त्यांत झोपडपट्टीतले, कमी युनिटवाले अधिक. २०११ मध्ये आयोगानं सोडून गेलेल्यांवर अधिभार लावला तेव्हा बराच आरडाओरडा झाला. 'ग्राहकाच्या स्वातंत्र्यावर दंड' हे मलाही तेव्हा पटलं होतं. आज पटत नाही. ज्याच्याकडे जायची ताकद आहे त्यानं जाताना मागच्यांचा वाटा ठेवून जावं, यात मला अन्याय दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये समांतर परवान्याच्या विरोधात वीज कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यांचा एक मुद्दा हाच होता, की फायद्याचे ग्राहक दुसरीकडे जातील आणि तोट्याचे महावितरणकडे उरतील. आपले गट त्या वेळी गप्प होते. वीज हा पुरुषांचा, युनियनचा विषय असं आपणही धरून चाललो.

म्हणजे चाकणच्या कारखान्याला महावितरण सोडताना भरावा लागणारा अधिभार, त्याच कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या बाईच्या बिलाला टेकू देतो. निदान द्यायला हवा. कारण ती बाई महावितरणची ग्राहकच नसते.

महाळुंगे, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, कुठल्याही गावात जा. जमिनी एमआयडीसीत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर गावकऱ्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, झारखंडमधून आलेली कुटुंबं तिथं राहतात. दहा खोल्यांना मीटर एक, मालकाच्या नावाचा. खोलीत असतो तो सबमीटर, आणि दर मालक ठरवतो. आमच्या वहीत युनिटला दहा आहे, बारा आहे, एका ठिकाणी पंधरा आहे. आणखी एक गोष्ट हिशोबाला बसल्याशिवाय ध्यानात येत नाही. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो आणि पहिले शंभर युनिट सगळ्यांत स्वस्त असतात. एक दिवा, एक पंखा, एक मिक्सर असलेली बाई महिन्याला त्या शंभरच्या आतच राहते. पण दहा खोल्या एका मीटरवर आल्या की बेरीज वरच्या टप्प्यांत जाते. सर्वांत कमी वीज वापरणारी सर्वांत महाग वीज जाळते.

स्वतःचा मीटर मागायचा हक्क तिला आहे. कलम ४३ मध्ये अर्जदार 'मालक किंवा भोगवटादार' असं म्हटलं आहे, आणि मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे, घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहते की नाही एवढंच पाहायचं. मी हा निकाल छापून घेऊन एका मालकाकडे गेले. त्यांनी चहा दिला. निकाल वाचला नाही. "मॅडम, मीटर घेऊ द्या की. खोली महिनाअखेर खाली करायची," एवढंच म्हणाले. त्या बाईनं अर्ज मागे घेतला. खोली सोडायची म्हणजे मालकाकडच्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापून घ्यायचे, नवीन डिपॉझिट भरायचं, मुलाची शाळा मध्येच बदलायची, आणि नव्या खोलीतही सबमीटरच.

मालकांची बाजू अगदीच नाही असं नाही. भाडेकरू बिल थकवून रातोरात गेला तर थकबाकी त्यांच्या मागे लागते. पण म्हणूनच वेगळा मीटर आणि वेगळी अनामत त्यांच्याही सोयीची. २०२१ च्या नियमांनुसार ही अनामत साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी असते आणि तिच्यावर व्याजही मिळतं. हे गावच्या बैठकीत मांडायला हवं. अजून जमलेलं नाही.

आता गॅस. कागदावर गॅसचे नियम विजेपेक्षा उदार आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये २४ शहरांत आणि जानेवारी २०१४ पासून ४८० जिल्ह्यांत ग्राहकाला एजन्सी किंवा कंपनी बदलण्याची सोय झाली, आणि त्यासाठी बदलीचा आकार घ्यायचा नाही असं ठरलं. पण ही सोय पुस्तकावर नाव असलेल्याची. आमच्या ताईंना बदली मिळणार नव्हती, त्यांना सगळं नव्यानं घ्यायचं होतं. जून २०२२ मध्ये मोठ्या सिलिंडरची अनामत १४५० वरून २२०० रुपये झाली, रेग्युलेटरची १५० वरून २५०. शिवाय शेगडी, नळी. जुनी अनामत त्यांच्याच भिशीतली, पण ती कंपनीकडे नवऱ्याच्या नावावर जमा. एकाच चुलीसाठी एका बाईनं दोनदा पैसे भरायचे, हे दिसतं तितकं किरकोळ नाही. तो आकडा हातात येईपर्यंत ती किलोच्या भावानं गॅस भरते. मोठ्या टाकीतून छोट्यात गॅस उतरवणं बेकायदा आहे, धोक्याचं आहे, आणि महागही आहे.

मार्ग सापडला तो २००० सालच्या गॅस नियंत्रण आदेशात. 'एका घराला एक' हा नियम ज्यावरून सांगितला जातो, त्यातच 'घर' म्हणजे काय ते लिहिलं आहे. पती, पत्नी, अविवाहित मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील, जे एका जागेत एकत्र राहतात आणि ज्यांचं स्वयंपाकघर एक आहे. एकत्र राहतात! भोसरीतून निघालेली बाई भोसरीच्या स्वयंपाकघरात मोजली जाऊ शकत नाही. आम्ही अर्ज लिहिला, व्याख्या उतरवली, संरक्षण अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीची प्रत आणि भाडेकरार जोडला. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीनंच, साहेब जेवायला गेल्यावर, अर्ज घेऊन शिक्का मारला. दोन महिन्यांनी जोडणी आली. पैसे गटानं उसने दिले, ताई महिन्याला दोनशे फेडताहेत.

बाईच्या नावावर कागद व्हावा, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला संगमनेरला परित्यक्तांनी आपला प्रश्न चव्हाट्यावर आणला, त्याच सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन जमीन बायकोच्या नावे करायला लावली. रेशनच्या बाबतीत २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं कुटुंबप्रमुख म्हणून घरातली वयानं मोठी, अठरा पूर्ण झालेली स्त्री ठरवली. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्याच नावे, आणि २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचं लेखी निवेदन पुरेसं केलं. घरात आधीची जोडणी असेल तर मात्र उज्ज्वला मिळत नाही, आणि इथंच सोडून आलेली बाई पुन्हा अडकते. शिधापत्रिकेवरून तिचं नाव निघालेलं नसतं.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात, २००५ च्या, आर्थिक छळाची व्याख्या बरीच रुंद आहे. ज्या सोयी घरातल्या नात्यामुळे वापरायचा तिला हक्क आहे त्या तोडणं, अडवणं हे त्यात येतं. बाई घरातच राहते आहे आणि नवऱ्यानं मीटर बंद करायला अर्ज दिला, तर तो छळच आहे. कलम २० खाली झालेल्या खर्चाची भरपाई मागता येते. मग आपण आपल्या अर्जांत गॅसची अनामत का मागत नाही? मी स्वतः गेल्या काही वर्षांत लिहिलेले अर्ज काढून पाहिले. पोटगी आहे, दागिने आहेत, भांडी आहेत, एकात तर शिलाई मशीनचा मॉडेल नंबरही आहे. गॅसचं पुस्तक एकाही अर्जात नाही. आमच्या केंद्रात बाई पहिल्यांदा आली की जो फॉर्म भरतो, त्यात 'घर कुणाच्या नावावर' हा प्रश्न आहे. वीज आणि गॅस कुणाच्या नावावर, हा नव्हता. या महिन्यापासून घातला आहे.

जोडणीधारकाची सही न मिळणाऱ्या, वेगळ्या राहणाऱ्या बाईला संरक्षण अधिकाऱ्याच्या दाखल्यावर नवी जोडणी मिळावी आणि जुनी अनामत तिच्या खात्यात वळवावी, असं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. ते कंपन्यांनाही जाईल आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनाही. त्यासाठी एकट्या खराबवाडीची वही पुरणार नाही. तळवडे, भोसरी, निघोजे, आळंदी रस्त्याकडच्या गटांनी आपापल्या वस्तीतली प्रकरणं लिहून पाठवावीत. बाईचं नाव घालू नका, पण ती किती खेपा घालते आहे ते जरूर लिहा. पुढची बैठक गुरुवारी आहे, कारखान्यांना सुट्टी असते तेव्हा. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची शक्यता जास्त, म्हणून दुपारी दोनला उजेडात बसू. येताना विजेचं बिल आणि गॅसचं पुस्तक घेऊन या. ज्यांच्याकडे दोन्हीही नाही त्यांनी सबमीटरचा आकडा कागदावर उतरवून आणा.