केसपेपरवर मुलांचाही रकाना हवा

माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. मी सहावीत असताना तिच्या मनाने घेतलं होतं, की शेजारचे आमच्या भाजीत काहीतरी कालवतात. मग पहिला घास मी खायचा, थोडा वेळ थांबायचं, मला काही झालं नाही असं बघून ती जेवायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. पाणी भरणं, धाकट्याला आंघोळ घालणं, तसंच हेही एक काम. बाबा रात्रपाळीला गेले की दाराच्या कुलपाची किल्ली माझ्या उशाखाली.

दवाखान्यात आईचा केसपेपर जाडजूड होत गेला. झोप लागते का, गोळ्या घेते का, भास होतात का, सगळं त्यात आहे. घरात दोन मुलं आहेत, त्यांचं कोण बघतं, हे कधी कुणी विचारलं नाही.

नातेवाईक 'बिच्चारी पोरं' म्हणून चुकचुकायचे आणि देवऋष्याचा पत्ता देऊन जायचे. उपयोगी पडल्या त्या समोरच्या काकू. "उद्यापासून तुम्हा दोघांचे डबे मी भरणार," एवढंच त्यांनी जाहीर केलं. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हा आजार आहे गं. तू भांडलीस म्हणून नाही झाला." हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

"मलाही होईल का?" हे मात्र मी कॉलेजपर्यंत कुणाला विचारलं नाही. आई-वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण 10 टक्के असते. म्हणजे दहातल्या नऊ जणांना होत नाही!

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही. उत्तम. पण सहावीतल्या मुलीचं काय? पालकाच्या गंभीर आजारामुळे विस्कटलेल्या घरांतल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिना 2,250 रुपयांची. पण जिथे पालकालाच दिवस ढकलणं जड जातं, तिथे दाखले कोण गोळा करणार? म्हणून मानसोपचार विभागाच्या केसपेपरवर 'मुलं किती, त्यांना कोण बघतं' हा रकाना हवा. उत्तर 'कुणी नाही' असेल, तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांनी या योजनेचा अर्ज तिथेच भरून घ्यावा.

तुमच्या वाडीत, सोसायटीत असं घर असेल तर चौकश्या नकोत. मुलांना जेवायला बोलवा. मूल संकटात दिसलं तर मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर कळवा. आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.