पाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण वही पुजतो, कुंकवाचे बोट लावतो आणि जमाखर्च चोख राहो अशी प्रार्थना करतो. आमच्या संग्रामपूर तालुक्यात मात्र एक वही कोणीच पुजत नाही, कारण ती धडपणे मांडलेलीच नाही. ती वही पाण्याची.

आमचा तालुका मोठा विलक्षण आहे. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, तेथे गोडे पाणी आणि संत्र्याच्या बागा. दक्षिणेला पूर्णेकडे उतरलात की खारपाणपट्टा. तेथे विहीर खणली तरी खारट पाणी लागते. ते पिकाला मानवत नाही आणि माणसालाही नाही. मूत्रपिंडाच्या दुखण्याने खचलेली घरे त्या गावांतून किती तरी दाखवता येतील. अशा मुलखात गोड्या पाण्याचा एकेक थेंब म्हणजे सोन्याचा मणी. आणि तो मात्र ज्याचा पंप मोठा त्याचा!

माझ्या मामेबहिणीचे शेत एका लहान तलावाच्या पाटाच्या शेपटाला आहे. तिने पाणीपट्टी वेळेवर भरली. हरभरा फुलावर आला, पण बारे काही आले नाही. विचारायला गेली तर उत्तर मिळाले, "बाई, पानी खाल उतरलंच नाई, मी काय करू?" पाणी उतरले नाही हे खरे. वरच्या अंगाला पंपांनी ते आधीच गिळले होते. तलाव सरकारचा, पाट सरकारचा, म्हणून राखण कोणाचीच नाही!

यावर शहाणे लोक म्हणतात, "शेतकऱ्यांच्या हाती पाणी दिले तर डोकी फुटतील." मी त्यांना धुळे-नाशिककडे जायला सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. नदी आटली तर एखादा फड कोरडा ठेवायचा. म्हणजे तूट सर्वांच्या वाट्याला सारखी येते. पाटाची डागडुजी सर्वांनी मिळून करायची. मुख्य म्हणजे शेतकऱ्याने स्वतः पाणी फोडायचे नाही. पाटकरी आणि जागल्या पाणी देतील, त्यांना मेहनताना सर्वांकडून मिळेल, आणि तंटा पंच तोडतील. भांडणाला जागाच ठेवलेली नाही!

"ते जुने झाले," असे कोणी म्हणेल. मग दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरण पाहा. १९९० च्या सुमारास शेपटाकडील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. पुढे सगळा कालवाच संस्थांच्या हाती आला. २००५ साली तर राज्याने कायदाच केला. संस्थेने पाणी मोजून घ्यावे आणि आपसांत वाटावे, असे तो सांगतो. कायदा आहे, धरणे आहेत. नाही ती फक्त आपली कंबर कसण्याची तयारी.

परंतु एक इशारा दिल्यावाचून मला राहवत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात शेतकऱ्यांच्या मालकीच्या पाट-कंपन्या आहेत. प्रत्येकाकडे भाग असतात. तलावात जेवढे पाणी, त्याचा तेवढा हिस्सा. दरसाल भागागणिक वर्गणी भरून पाट दुरुस्त करतात. व्यवस्था नामी! पण भाग विकता येतात. क्राउली परगण्यात १९७० आणि १९८० च्या दशकांत शहरांनी ते विकत घेतले आणि हिरवी शेते ओसाड पडली. पैसा आला, पाणी गेले.

म्हणून मला विलासराव साळुंखे मोठे वाटतात. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मापाने: माणशी अर्धा एकर, पाच माणसांच्या घराला अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. ऊस बंद. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा शेतकऱ्याने आधी मोजायचा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. भागीदारी आहे, पण बाजार नाही!

माझे मागणे सरळ आहे. आमच्या तालुक्यातील प्रत्येक लहान तलावाखाली भागीदारांची संस्था असावी. पावसाळा संपला की तलावाची पातळी सर्वांसमक्ष मोजावी. तलाव दहा आणे भरला तर प्रत्येकाचा वाटाही दहा आणेच. पाणी शेपटापासून तोंडाकडे द्यावे. मत माणशी एक. भागागणिक मते दिली तर बागाईतदारच राज्य करील. भाग घराच्या नावे असावा, त्यात घरधनिणीचेही नाव असावे, आणि तो विकता येऊ नये. पिण्याचे पाणी तर या हिशेबाच्याही आधी बाजूला काढावे.

वरच्या अंगाचे माझे बागाईतदार मित्र हे वाचून रागावतील. रागावोत. त्यांच्या दिवाळीच्या फराळाला मी जाईनच. पण माझ्या बहिणीचे बारे कुठे गेले, हे तेथेही विचारीन. पुढल्या लक्ष्मीपूजनाला गावच्या चावडीत पाण्याची वही मांडलेली असेल, तर तिला कुंकू लावायला मी पहिला येईन.