मोठा पंखा टाक!

मंडळी, या आठवड्यात परत एकदा तोच व्हिडिओ बघितला. माणूस वेगळा, विमान वेगळं, पण व्हिडिओ तोच. फोमचं एक जेट, कुठल्याशा माळरानावर, हातातून सुटतं आणि थेट उभं आभाळात. खाली चारजण "आयला! आयला!" करतायत. शेवटी मालक कॅमेऱ्यासमोर येऊन सांगतो, की स्टॉक पंखा काढला, सत्तर मिलिमीटरचा टाकला, सिक्स-एसवर नेलं, आता रॉकेट झालंय. याला म्हणे "मॉडिफिकेशन".

मला हा शब्द इथे वापरलेला अजिबात मान्य नाही. ही खरेदी आहे. मॉडिफिकेशन वेगळं असतं.

ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रिमोटवर उडणाऱ्या जेटमधे खरं टर्बाइन इंजिन फार थोड्या लोकांकडे असतं (त्यात रॉकेल जळतं आणि त्याबरोबर पगारही). बाकी आम्ही सगळे ईडीएफवाले. म्हणजे विमानाच्या पोटात एक नळी, नळीत विजेवर फिरणारा छोटा पंखा, पुढून हवा आत, मागून जोरात बाहेर. वीज लायपो बॅटरीतून. फोर-एस म्हणजे चार सेल, १४.८ व्होल्ट. सिक्स-एस म्हणजे सहा, २२.२ व्होल्ट. विमान फोमचं, दिसायला एफ-१६ किंवा मिग, वजन किलोभर.

आणि या दुनियेत कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर ठरलेलं. विमान हातातून सुटल्यावर खाली बसतं? मोठा पंखा टाक. वळणात आपटतं? मोठा पंखा टाक. लँडिंगला नाक खुपसतं? अरे, पॉवर कमी पडतेय, मोठा पंखा टाक. आमच्या ऑफिसात पण अशी एक जमात आहे. क्वेरीला चाळीस सेकंद लागतात म्हटलं की "सर्व्हरला रॅम वाढवा". इंडेक्स आहे का, ते कोणी बघणार नाही. रॅम वाढवल्यावर दोन महिने बरं चालतं आणि मग शनिवारी रात्री अडीच वाजता फोन येतो.

आता मी हे कोणत्या तोंडाने सांगतोय? तर ज्या तोंडाने मी पण ते केलंय, त्याच तोंडाने. माझं जेट मूळ ६४ मिलिमीटर पंख्याचं, फोर-एस, एकूण वजन ११५० ग्रॅम. वॉटमीटरवर ५८ अँपिअर, म्हणजे साधारण ८६० वॉट. व्यवस्थित उडायचं. पण व्यवस्थित उडणाऱ्या गोष्टीत इंजिनियरचा जीव रमत नाही. मग सत्तरचा पंखा, नवी मोटर, शंभर अँपिअरचा ईएससी, सिक्स-एस बॅटरी. पंखा मागच्या बाजूला जड झाला आणि बॅटरी आधीच नाकाच्या टोकाला टेकलेली, म्हणून बॅलन्ससाठी नाकात ३० ग्रॅम शिसं. हो, शिसं! जास्त जोर मिळावा म्हणून वजन वाढवलं आणि वाढलेलं वजन सांभाळायला अजून वजन घातलं. तेव्हा हे मला विनोदी वाटलं नव्हतं. विमान झालं १४४० ग्रॅम आणि वॉटमीटर म्हणाला १६६५.

पॉवर जवळजवळ दुप्पट. वेग? जीपीएस लॉगरवर आधी ताशी ११० होते, नंतर १३१. बस्स. यात आश्चर्य काहीच नाही, हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनात. पॉवर दुप्पट केली तर वेग फार तर सव्वापट. हे आपण सगळे दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्समधे पाठ करून विसरलेलो असतो.

पण विसरलेली खरी महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. विमान ज्या कमीत कमी वेगाला हवेत तरंगू शकतं, तो स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. माझं वजन सव्वापट झालं, म्हणजे स्टॉल बारा टक्क्यांनी वर. ताशी ४० ला उतरू शकणारं विमान आता ४५ ला. पाचच किलोमीटर तर वाढले, असं वाटतं ना? मग जमिनीला टेकताना अंगात असलेली ऊर्जा काढा. वजन सव्वापट, वेगाचा वर्ग पण सव्वापट, गुणाकार दीडपटीहून जास्त. पंख तेच, फोम तोच, डिंक तोच, सर्व्हो त्याच नऊ ग्रॅमच्या. व्हिडिओत उभं चढणं दिसतं, हा गुणाकार दिसत नाही.

त्यात ईडीएफची एक खोड आहे. साध्या पंखेवाल्या विमानात पुढचा प्रोपेलर शेपटीवर हवा मारत असतो, म्हणून वेग कमी असला तरी थ्रॉटल दिला की एलेव्हेटर जागा होतो. जेटमधे हवा नळीतून मागे निघून जाते, शेपटीला त्याचं काही देणंघेणं नाही. वेग गेला की कंट्रोल गेला. आणि छोट्या पंख्याला आरपीएम चढायला वेळ लागतो, चढल्यावरही विमान हळूहळूच वेग धरतं. म्हणजे लँडिंग बिघडल्यावर "देऊ की थ्रॉटल" हा जो भरवसा असतो, तो ऐनवेळी एक-दोन सेकंद उशिरा पोचतो. दहा फुटांवर असताना दोन सेकंद म्हणजे खूप झाले.

असो. तर झालं असं.

आम्ही पाच-सहाजण पुण्याबाहेर एका शेतकरी काकांच्या पडीक तुकड्यावर दर रविवारी सकाळी उडवायचो. भाडं-बिडं काही नाही. जाताना कधी बिस्किटाचे पुडे, दिवाळीला मिठाईचा बॉक्स. काका स्वतः बांधावर बसून बघायचे, नातवाला घेऊन. "आज ते निळं न्हाई आणलं का?" असं विचारायचे. मार्च महिना होता, ज्वारी काढून झालेली, गोठ्याशेजारी कडब्याची गंज रचलेली.

तिसरं की चौथं उड्डाण. फुल थ्रॉटल देऊन खालून एक पास मारला. डाव्या पंखातून भर्रर्र असा आवाज आला. तो फ्लटर. एलेरॉनच्या जोडणीत थोडी ढिलाई होती, ११० ला ती चालून जायची, १३० ला पंख फडफडायला लागला आणि अर्ध्या सेकंदात एलेरॉन उपटून गेला. विमान गोठ्याच्या दिशेने वळलं आणि गंजीत घुसलं. नातू तिथून दहा-बारा फुटांवर होता. दहा-बारा फूट. मी नंतर पावलं मोजली.

धावत गेलो, नातू ठीक आहे बघितलं, सगळे हसायला लागलो, सुटल्यासारखं हसू. विमानाचा पुढचा भाग गंजीत खोल रुतला होता, बॅटरी त्यातच. ती काढायला हवी हे डोक्यात यायला दोन-तीन मिनिटं लागली आणि तोवर पांढरा धूर यायला लागला होता. चेपलेला लायपो लगेच पेटेलच असं नाही, थोडा वेळ घेतो. आणि मग मात्र थांबत नाही. वाळलेला कडबा. आम्ही बादल्या मारल्या, शेजारची माणसं आली, गोठा वाचला, गंज गेली. दोन म्हशींचा उन्हाळाभराचा चारा.

पैसे दिले, अर्थातच. काकांनी ते घेतले, मोजले नाहीत. मग म्हणाले, "पैशाचं मिटलं साहेब. पण आता नका येऊ हिकडं." आवाज चढवला नाही. त्याआधी ते मला कधी साहेब म्हणाले नव्हते.

यावर मला मिळालेला सल्ला वाचा. "डिजिटल सर्व्हो टाकायला हव्या होत्या." "कार्बनचे पंख मिळतात त्या मॉडेलचे." म्हणजे पुन्हा खरेदीच. एकानेही विचारलं नाही, की त्या एअरफ्रेमला १३० झेपतं का हे तू तपासलं होतंस का? नव्हतं तपासलं. बॉक्सवर पंख्याचा थ्रस्ट छापलेला असतो, पंखाचा फ्लटर स्पीड छापलेला नसतो. म्हणून पहिला वाढवतात आणि दुसऱ्याचं नाव काढत नाहीत.

"छंद आहे रे, परीक्षा नाही," हे दुसरं आवडतं वाक्य. मान्य. कोणाला मोकळ्या माळावर, कोणी आजूबाजूला नसताना रॉकेट करायचं असेल तर जरूर करा, उभं चढणारं जेट बघायला मलाही आवडतं. पण आपल्याकडे तसे माळ किती उरलेत? जिथे आपण उडवतो तिथे कोणाचा तरी गोठा असतोच. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, करमणुकीसाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांना टाइप सर्टिफिकेटमधून सूट दिली. याचा अर्थ, माझं विमान धड आहे का हे सरकार तपासणार नाही. मग कोणी तपासायचं? काकांच्या नातवाने?

मग खरं मॉडिफिकेशन कशाला म्हणायचं? जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग नावाच्या गृहस्थांनी एफडी-३ नावाचं छोटं टर्बाइन बनवलं, घरगुती वर्कशॉपमधे बनेल असं. त्याचं कॉम्प्रेसरचं चाक प्लायवुडचं होतं, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं. प्लायवुड! जेट इंजिनात! पण त्या माणसाला प्रत्येक भागावर किती ताण येतो, किती तापमान येतं हे माहीत होतं, म्हणून प्लायवुड चाललं. आपल्याला सगळं तयार मिळतं आणि काहीच माहीत नसतं.

एवढं मोठं काही करायची गरज नाही. गंजीच्या प्रकरणानंतर मी तेच मॉडेल सेकंडहँड घेतलं, ६४ चा पंखा आणि फोर-एस तसंच ठेवून. स्वयंपाकघरातला वजनकाटा (आईला सांगू नका) भिंतीला टेकवून थ्रस्ट मोजला, १०४० ग्रॅम. हवा आत येते तिथली फोमची कड धारदार होती, धारेवर हवा फाटते. एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा फोम उभा चिरून कडेला लावला, कड गोल झाली. नळीचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे आत फट होती, ती टेप लावून बंद केली. मागची नळी प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटची नवीन वळली, तोंडाचं क्षेत्रफळ पंख्याच्या क्षेत्रफळाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास येईल अशी. पुन्हा मोजलं, ११४०. वॉट जवळजवळ तेवढेच. पंखा बॅलन्स केला, आवाज बदलला, शिट्टीसारखा झाला. आम्ही पोटावर उतरवतो, मग चाकं कशाला? काढली, ६० ग्रॅम गेले. एलेरॉनच्या जोडण्यांमधली ढिलाई काढली, पंखात कार्बनची कांडी बसवली. सगळा खर्च पाचशेच्या आत, त्यातली निम्मी खरेदी तपकीर गल्लीत. वेग ताशी ११६. आणि उतरतं असं, की हातात झेलावं.

याचा व्हिडिओ काढला तर कोणी "आयला" म्हणणार नाही हे मला माहीत आहे. वजनकाटा दाखवून व्ह्यूज मिळत नाहीत.

सध्या आमच्याकडे मैदान नाही. बाकीच्या चौघांनी दुसरीकडे सोय केलीये, तासभर लांब, पण तिथेही परवा एकजण सिक्स-एस घेऊन आला होता म्हणे. मी दिवाळीला काकांकडे मिठाईचा बॉक्स घेऊन गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, पावसाचं बोललो, विमानाचा विषय दोघांनीही काढला नाही. नातू मात्र गाडीपर्यंत आला आणि डिकीत डोकावून गेला. डिकी रिकामी होती.

कोणाकडे ६४ चा थरथरणारा पंखा पडून असेल तर फेकू नका, मला पाठवा. बॅलन्स करून देतो, फुकट.